एक्कावन्न भांडी, रिकामी नाहीत

सोमवार, १० जून २०२४

आधी सगळ्यांच्या तब्येती. यांचे गुडघे कसे आहेत? दुखतात. पण विचारलं तर म्हणतात, गुडघे आहेत म्हणजे दुखणारच. रविराजचं पित्त? नाशिकला कंपनीच्या कँटीनचं खातो, कसं असणार. भुरी गाय? सकाळी मला ढुशी मारली, म्हणजे चांगली आहे. तेजूचा खोकला गेला का? ठाऊक नाही. सृष्टीचा पडलेला दात आला का? ठाऊक नाही. माझं ठीक. डोळ्यांत पडदा आलाय, पण वहीचे चौकोन दिसतात.

वही सृष्टीची. पहिलीची, गणिताची, अर्धी कोरी राहिलेली. तेजू म्हणजे माझी सून, रविराजची बायको तेजस्विनी. मागच्या वर्षी आखाजीला, अक्षय तृतीयेला, लेकीला, सृष्टीला घेऊन लासलगावला माहेरी गेली. आखाजीला सगळ्याच पोरी माहेरी जातात. बाकीच्या आठवड्यात परत आल्या.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं घर झाडलं, फळ्या पुसल्या, सगळी भांडी घासून परत लावली. मी म्हटलं, चार दिवसांसाठी कशाला एवढं. तर म्हणाली, "असू द्या आई." मी काही ओळखलं नाही.

उद्या सटाण्याला कोर्टात तारीख आहे. दोघं राजीखुशीनं वेगळे होणार. राजी आहेत हे खरं. खुशी मला कुठं दिसली नाही.

मंगळवार, ११ जून

लग्न मोडायचं तर आधी ते झालं होतं हे दाखवावं लागतं. आम्ही नोंद कुठं केली होती — गावजेवण घातलं तीच नोंद. म्हणून लग्नाची पत्रिका आणि हार घातलेला फोटो लागला. पत्रिका मी जपलेली, देवापुढं ठेवलेली पहिली, कुंकू लावलेली. वकीलबाईंनी मशीननं भोक पाडलं ते नेमकं गणपतीच्या पोटाला. मग दोरीनं फायलीला बांधली.

आमच्या तालुक्याला नवरा-बायकोचं वेगळं कोर्ट नाही, ते नाशिक शहराला. इथं एकच साहेब. बांध कोरला तरी तेच, घर मोडलं तरी तेच. आमच्याआधी विहिरीच्या पाळीचं भांडण होतं. त्याला चौदा माणसं आली होती. आमच्या घराला पाच.

पुकारा झाला. साहेबांनी दोघांना वेगवेगळं विचारलं — कुणाचा दबाव आहे का? नाही. परत नांदायची इच्छा? नाही. रविराज जमिनीकडं बघून बोलला, तेजू पंख्याकडं. कागदावर कारण लिहिलंय, "वैचारिक मतभेद". दहा वर्षांत विचार करताना मी दोघांनाही पाहिलं नाही. एक मोबाइल बघायचा, दुसरी भिंत. भांडली असती तर मिटवलं असतं. न बोलणाऱ्यांच्या मध्ये पडायला जागाच नसते.

मग सहा महिन्यांनंतरची तारीख दिली. कायदाच आहे म्हणे, एकदा विचारायचं, सहा महिने थांबायचं, परत विचारायचं. कधी कधी साहेब ती मुदत माफ करतात. आमच्या साहेबांनी केली नाही. मला बरं वाटलं.

बाहेर चिंचेखाली वकीलबाईंनी अटी वाचून दाखवल्या. ज्योत्स्नाताई नाव त्यांचं, आमच्या बाजूच्या, शांत बाई. सृष्टी आईकडं राहील. रविराजला दुसरा आणि चौथा शनिवार, अकरा ते चार. पोटगी कुणी मागितली नाही. लग्नातली भांडी यादीप्रमाणे परत. संपल्या अटी.

मी विचारलं, आणि मी?

ताई म्हणाल्या, "आजी, तुम्ही पक्षकार नाही."

म्हणजे काय? तर अर्जात माझं नाव नाही. मी अर्ज मागून घेतला, चष्मा लावला, चारी पानं वाचली. खरंच नव्हतं. सात वर्षं त्या पोरीला न्हाऊ घातलं, वेण्या घातल्या. एका वेणीचाही उल्लेख नाही.

बुधवार, १२ जून

यांनी विचारलं, काय झालं कोर्टात? म्हटलं, सहा महिने थांबायला सांगितलंय. म्हणाले, गायीला नऊ लागतात.

शनिवार, २२ जून

ठरलेल्या शनिवारांतला पहिला. मी सकाळी शेंगदाण्याचे लाडू केले. रविराजनं सृष्टीला लासलगावहून उचललं आणि नाशिकला मॉलमध्ये नेलं. संध्याकाळी फोटो दाखवला — पोरगी फिरत्या जिन्यावर. दात आलाय. वाकडा आलाय.

म्हटलं, इकडं आणायची होतीस. तो म्हणाला, आई, येऊन-जाऊन चार तास मोडतात, मिळतात पाच. उरलेल्या एका तासात तू तिला तीन वेळा जेवायला घालशील.

हिशेब बरोबर होता. लाडू त्यानंच खाल्ले.

सोमवार, ८ जुलै

एकटी एसटीनं सटाण्याला गेले. घरी सांगितलं डोळे दाखवायचेत. ज्योत्स्नाताईंच्या ऑफिसात बसले. त्यांना विचारलं, आजीचं नाव घालता येतं का? महिन्यातून एक दिवस. एक वेळ अर्धाच.

ताईंनी पाणी दिलं. म्हणाल्या, मागता येतं. पण वेगळा अर्ज, त्यांना नोटीस, त्यांचं म्हणणं. ठरलेल्या अटी परत उघडाव्या लागतील. तेजस्विनीचे वडील आधीच तापलेत, ते म्हणतील मग आमचंही आणखी लिहा. पोरीला साहेबांपुढं उभं करून विचारतील, तुला कुणाकडं जायचंय.

मी डोळ्यांपुढं आणलं. सृष्टी त्या पिंजऱ्यासारख्या कठड्यापाशी उभी, वाकडा दात लपवायला तोंड मिटलेलं.

म्हटलं, राहू द्या. ताई म्हणाल्या, आणि फोनही करू नका आजी, निकाल लागेपर्यंत. शब्दानं शब्द वाढतो. तसंही आमचे व्याही बारकू आबा यांनी लेकीचं सिमच बदललंय. मी पत्र लिहू शकते, पण न विचारता पत्र पाठवणारी सासू कुणाला हवी.

यांनी विचारलं, डोळ्यांचं काय म्हणाले? म्हटलं, दिसतंय तेवढ्यात भागवा म्हणाले.

रविवार, २० ऑक्टोबर

भांड्यांची यादी आली. तेजूच्या हातची, एकेक ओळ पट्टीनं आखलेली. एक्कावन्न भांडी. हंडा, कळशी, परात, ताटं, वाट्या, पळी, झारा. अठ्ठेचाळीस नंबरला "पितळी कडीचा डबा, झाकणासह — १".

मला भांड्यांचं वाचन कुणी शिकवायला नको. मी शाळेत गेले नाही. माझं पहिलं पुस्तक म्हणजे फळीवरची भांडी. लग्नातल्या भांड्यावर नाव घालायची आपल्यात रीत, कुणाला कुणाकडून. भांडी घासता घासता मी एकेक अक्षर बोटानं चाचपलं. "मा" मला आधी आला, कारण तो माझ्या डब्यावर होता — "मालन हिस भावाकडून, १९७६". भाऊ गेला त्याला वीस वर्षं झाली. माहेरचं तेवढंच एक उरलंय.

तेजूच्या मामानं अगदी तसाच डबा तिला दिला होता. नाशिकच्या तांबट आळीतला, तीच कडी, तोच घाट. दहा वर्षं दोन डबे शेजारी शेजारी. डावा तिचा, उजवा माझा.

रविवार, २४ नोव्हेंबर

उद्या भांडी द्यायची. आज काढली. शेजारची भिमाबाई मदतीला आली. मी यादी वाचायची, तिनं भांडं पुढं करायचं, मी नाव बघायचं, मग गोणीत. मामाकडून, आत्याकडून, लासलगावच्या मैत्रिणींकडून. दुपारपर्यंत फळ्या उघड्या पडल्या. दात पडलेल्या तोंडासारखं दिसतंय घर.

गोणी शिवायला घेतली आणि माझा हात थांबला. कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. शेजारणीची वाटी आली तर तीत चिमूट साखर तरी घालून देतो आपण. मग एक्कावन्न भांडी रिकामी कशी पाठवू? भिमाबाई म्हणाली, "मालन, हाई ते कोर्टनं काम शे." म्हटलं, कोर्टाचं काम असेल, भांडी माणसांचीच आहेत.

परत सगळं सोडलं. हंड्यात बाजरी. कळशीत मूग. परातीत कुरडया, वरून फडकं बांधून. ताटांमध्ये नागलीचे पापड. वाट्यांत काळा मसाला, हळद, तीळ, कागदानं तोंडं बांधली. झाऱ्याला आणि पळीला काय करावं सुचेना. भिमाबाईनं साखरेच्या पुड्या बांधून दांड्यांना लटकवल्या. कोर्टनं काम म्हणणारी हीच.

शेवटी डबा. फळीवरचा डावा काढला, शेंगदाण्याचे लाडू भरले, कडी लावली. ते सृष्टीचे.

सोमवार, २५ नोव्हेंबर

कोर्टाच्या आवारात पिकअप उभी केली. बारकू आबा आले, त्यांचे वकील आले. तेजू आली. वाळलीय. सृष्टीला आणलं नव्हतं, शाळा होती म्हणाली. मी शाळेला काय म्हणणार.

गोण्या उघडल्या. त्यांच्या वकिलांनी हंड्यात हात घातला तो बाजरीत गेला. त्यांनी हात तसाच ठेवून विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, बाजरी. ते म्हणाले, यादीत फक्त हंडा आहे. म्हटलं, हंडाच देतेय, बाजरी त्याच्यात आहे.

मग दोन्ही वकील बाजूला जाऊन बोलले. त्यांचं म्हणणं, यादीबाहेरचं काही घेतलं तर उद्या कुणी म्हणेल हे कशाच्या बदल्यात दिलं. आमच्या ताईंचं म्हणणं, बाजरीच्या बदल्यात कोण काय मागणार. बारकू आबा म्हणाले, ओतून द्या सगळं इथंच, आमच्या घरी धान्य आहे. कुणी ओतायला पुढं झालं नाही. आवारातल्या दोन बाया बघत होत्या. त्यातली एक आबांना म्हणाली, "लेकीचं भांडं रितं नेता का दादा घरी?"

आबांनी टोपी काढली, परत घातली.

शेवटी ताईंच्या कारकुनानं पावतीवर लिहिलं — "यादीप्रमाणे भांडी एक्कावन्न नग. रिकामी नाहीत." दोन्हीकडच्या सह्या झाल्या. तेजूनं सही करताना मान वर केली नाही. पण झाऱ्याची साखरेची पुडी सुटून पडली, ती तिनं उचलली आणि परत बांधली. गाठ दोनदा मारली.

बुधवार, २७ नोव्हेंबर

घोटाळा झालाय.

सकाळी मेथ्या ठेवायला उरलेला डबा काढला, पुसला आणि बोट अक्षरांवरून गेलं. "मा" लागला, पण तो पुढं गेल्यावर. आधी काहीतरी लांबलचक. उजेडात नेऊन वाचलं — "चि. तेजस्विनी हिस मामाकडून".

म्हणजे माझा डबा गेला. भावाचा. पन्नास भांड्यांची नावं वाचली आणि याचंच वाचलं नाही. डावा तिचा, उजवा माझा, हे हाताला पाठ. रोज हाताखालच्या वस्तूचं नाव कोण वाचतं?

पण मग डावीकडं माझा कसा आला? दिवाळीत मी फळी आवरली होती का? आवरली असेल. म्हातारपणी आपणच ठेवतो आणि आपणच शोधतो.

रविराजला फोन केला. तो म्हणाला, आई, गप्प बस. ताईंना सांगू नकोस. तारखेला साहेब विचारतील यादीप्रमाणे मिळालं का, ती नाही म्हणाली तर तारीख पुढं जाईल.

फोन ठेवल्यावर मी ओट्यावर बसून राहिले. खोटं कशाला लिहू, वहीत कुणी सही मागत नाही. मनात आलं, जाऊ दे की तारीख पुढं.

सोमवार, १६ डिसेंबर

पण ते बरं नव्हे. माझ्या एका डब्यापायी दोन जीव टांगून ठेवायचे. उद्या डबा घेऊन जाणार.

मंगळवार, १७ डिसेंबर

डबा पिशवीत घालून नेला. दारावरच्या शिपायानं विचारलं काय आहे. म्हटलं, पुरावा. त्यानं आत सोडलं.

साहेबांनी तेच प्रश्न विचारले. दबाव? नाही. सहा महिन्यांत विचार बदलला? नाही. मग तेजूला विचारलं, भांडी यादीप्रमाणे सगळी मिळाली?

मी उठून उभी राहिले. पिशवीला हात घातला. शिपाई म्हणाला, बसा आजी. तेजूनं माझ्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं आणि साहेबांना म्हणाली, "सगळी मिळाली."

मी बसले. पाच मिनिटांत झालं. दहा वर्षांचं लग्न, पाच मिनिटं. विहिरीची पाळी अजून चालू आहे.

बाहेर चिंचेखाली तिला गाठलं. डबा पुढं केला, म्हटलं, तेजू, तुझा माझ्याकडं राहिला गं, घे. तिनं डबा हातात घेतला, कडी काढली, आत बघितलं.

"रिकामा देताय, आई?"

मी वाकून बघितलं. खरंच रिकामा होता. कोर्टात द्यायचा म्हणून मी तो घासून, पुसून, कोरडा करून नेलेला. एक्कावन्न भांडी भरणारी बाई मी.

तिनं कडी लावली आणि डबा माझ्या पिशवीत परत ठेवला. लांबून आबांनी हाक मारली. ती गेली. माझा डबा कुठाय, हे विचारायचं राहिलंच.

घरी आल्यावर रविराज पाणी प्यायला गेला. विचारलं, माझा पेला? म्हटलं, तो तिच्या आत्यानं दिलेला. मग तो तांब्यानंच प्यायला, भिंतीकडं तोंड करून, बराच वेळ.

बुधवार, १ जानेवारी २०२५

रविराज म्हणतो, आता सगळं सुरळीत झालं. यांनी विचारलं, म्हणजे सृष्टी कधी येणार? त्यानं मोबाइल काढला. हे म्हणाले, मोबाइलमध्ये नको, घरी.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. वाण लुटलं. तिळगुळाची एक पुडी जास्त झाली. तेजूच्या डब्यात ठेवली.

शनिवार, २५ जानेवारी

चौथा शनिवार. बाप-लेक पाण्याच्या पार्कमध्ये गेले होते. फोटो आला. पोरीची वेणी कुणीतरी घट्ट घातलीय, कपाळ ओढल्यासारखं दिसतंय. तेल लावून घालावी म्हणजे ओढत नाही. हे कुणाला सांगू? अटींत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दुपारी एसटी थांब्यावरून निरोप आला — सोमा कंडक्टरकडं तुमचं काहीतरी आहे. यांचे गुडघे दुखत असून हे स्वतः गेले. आणलं ते काय, तर माझा डबा. कडी सुतळीनं बांधलेली, गाठ दोनदा मारलेली. आत चिंचेच्या गोळ्या, आणि यादीसारखीच पट्टीनं आखलेली चिठ्ठी. तशीच उतरवून ठेवते.

"आई, लाडू संपायला वेळ लागला नाही, लिहायला लागला. डबा चुकला तो तुमच्याकडून नाही. आखाजीला निघाले तेव्हा परत यायचं नाही हे माझं ठरलं होतं. फळ्या पुसताना मीच दोन्ही डबे इकडचे तिकडे केले, एकमेकींचं काही एकमेकींकडे राहावं म्हणून. तुम्ही त्यांची जागा बघता, नाव नाही, हे मला ठाऊक होतं. तुमचा परत केला. माझा तुमच्याकडे आहे. सोमाभाऊंकडे देऊ नका, रिकामा तर नकोच. रविवारी शाळा नसते, आबांना मी सांगितलंय. सृष्टी विचारते, आज्जी तेल घेऊन येईल का. कोणत्या रविवारी येता ते कळवा. लवकर लिहा."